हुसेनचं हरिण

हूरा, मनामा
२६ एप्रिल १९९८

प्रिय शब्बीर,

सलाम. तुझ्या सदफच्या लग्नाची पत्रिका पोचून आता चौदा महिने झाले. पत्रिकेवर तू स्वतःच्या हाताने माझं नाव घातलं होतंस आणि खाली लिहिलं होतंस, की रुकय्याभाबीला आणि आतिकाला घेऊन ये, राहायची सोय आपल्याच घरी आहे. मी आलो नाही ते रजा मिळाली नसेल म्हणून, असं तू समजला असशील. रजा होती. तिकिटाचीही अडचण नव्हती. तरी आलो नाही, आणि साधं उत्तरही धाडलं नाही. का, ते या पत्रात येईलच. आधी इकडची खबर देतो, म्हणजे लिहायला हात जरा सरावेल.

आतिका नववीत गेली. सकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी शाळेची बस येते आणि तिला ईसा टाउनला घेऊन जाते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. परवा तिला वर्गात वडिलांच्या कामाबद्दल बोलायचं होतं. मला विचारायला आली, तर माझ्या तोंडून निघून गेलं की मेलेल्या जनावरांत पेंढा भरतो. तू असतास तर भडकला असतास. तो शब्द तुला कधी खपला नाही. पेंढा गोठ्यात असतो, आपण जनावराचं शरीर पुन्हा घडवतो, असं तू गिऱ्हाइकांनासुद्धा सुनवायचास. आतिकाला मी ते दुसरं वाक्य सांगितलं. तुझं म्हणून सांगितलं.

वर्कशॉप तेच आहे, मीना सलमानला बंदराच्या मागचं गोडाऊन. मालकही तोच, आपला अरबाब, पण त्याला मधुमेह झालाय, त्यामुळे तो आठवड्यातून दोनदाच येतो आणि बाकी सगळं माझ्यावर सोपवतो. तू गेल्यापासून तुझ्या टेबलावर तयार साच्यांचे खोके रचत आलोय. हरणाचा साचा, मेंढ्याचा साचा, मोठा, मधला, लहान, सगळे फोमचे, सगळे सरळ समोर बघणारे. खोका फोडायचा, कातडं ओढून चिकटवायचं, डोळे बसवायचे, खलास. महिन्याला आठ-नऊ मुंडकी निघतात. मीठ-चुन्याचा वास मात्र अजून तसाच. रुकय्या म्हणते, घरात शिरल्यावर तुमच्या आधी तुमचा शर्ट बोलतो.

तू महाडला रिक्षांच्या सीट शिवतोस हे मला आपल्या स्टोअरवाल्या लतीफने चिपळूणहून कळवलं होतं. भायखळ्याला उस्तादांकडे आपण एकाच वर्षी लागलो होतो. दोन वर्षांत शिकारबंदीचा कायदा आला आणि उस्तादांचं वर्कशॉप बंद पडलं, पण तेवढ्या दोन वर्षांतच उस्ताद मला म्हणाले होते, की तुझा हात चलाख आहे, पण डोळा शब्बीरचा आहे. मला राग आला नाही. उलट, ८३ साली इथे काम मिळाल्यावर पहिल्याच रजेत येऊन मी तुला सोबत आणलं, ते तो डोळा मला माहीत होता म्हणूनच. तो डोळा आता रेक्झिनवर टाके मोजत असेल. कायद्याने आपल्याकडे ते काम बंद, आणि बरंच झालं ते. पण तुझ्या हातांनी जायचं कुठे?

तुला आठवत असेल, गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल भावाचा. साधं काम एकशे दहा दिनार, खास काम दोनशे साठ. मग दुसरा सवाल, फरक काय. तू चहा मागवून समजावत बसायचास. साध्या कामात कातडं साच्याच्या मापाचं करायचं, खास कामात साचा त्या जनावराच्या मापाचा. खास कामाला कातडं आतून कागदासारखं पातळ करायचं, पापणी, ओठ, नाकपुडी एकेक मातीने भरून बसवायची, कवटीवरून माप घेऊन मान हाताने घडवायची. साध्याला तीन आठवडे, खासला चार महिने. पहिल्या दिवशी दोन्ही भिंतीवर सारखीच दिसतात, हेही तू लपवायचा नाहीस. मी मागे उभा राहून मनात म्हणायचो, की हा माणूस धंदा बुडवणार.

आता हुसेनबद्दल. तू त्याला विसरला नसणार. ९२ सालचा नोव्हेंबर. चोवीस-पंचवीस वर्षांचा, हार्डवेअरच्या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा, वडिलांबरोबर हंगेरीला जाऊन पहिलीच शिकार करून आलेला. आपल्या सांबराएवढं हरिण, खारवलेलं कातडं आणि शिंगं विमानाने आलेली. त्याने भाव विचारलाच नाही, खास करा म्हणाला. तू त्याला दोन तास बसवून घेतलंस. ते कुठे उभं होतं, वारा कुठून होता, कान कसे होते. आणि तो पोरगा बोलत सुटला, की ते पळालं नाही, झाडीत शिरता शिरता थांबलं आणि डाव्या खांद्यावरून मागे वळून बघत राहिलं, एक कान पुढे, एक मागे. गोळी झाडल्यापासून मला तीच नजर दिसते, असं म्हणाला. तू ते सगळं कागदावर काढून घेतलंस. कातडं कमावलंस, पातळ केलंस, तीन आठवडे त्याच एका कामात होतास. मानेचा मातीचा साचा अर्धा झाला होता.

त्याच वेळी माझं एक वेगळंच चाललं होतं, ते तुला पूर्ण कधी सांगितलं नाही. रुकय्याला आणि आतिकाला इथे आणायचं तर अरबाबची सही लागणार होती, आणि त्याने सरळ सांगितलं होतं, की ईदच्या आधी राहिलेली अकरा मुंडकी निघाली तर सही करतो. आतिका आठ वर्षांची होती. मी रजेवर गेलो की पहिले चार दिवस ती मला 'ते' म्हणायची. तुला तापाने घेरलं आणि तू खोलीवर पडून राहिलास. त्या पाच दिवसांत मी हुसेनचं कातडं तुझ्या टेबलावरून उचललं आणि तयार साच्यावर चढवलं. मान जुळत नव्हती, साचा एक माप मोठा होता. मी ओढलं. शिवण ताणून घेतली, डोळ्यांच्या कडांना मातीऐवजी मेण भरलं आणि वरून रंग दिला. तुझा मातीचा साचा मोडून ड्रममध्ये टाकला.

तू परत आलास, मुंडक्यासमोर उभा राहिलास. ओरडशील म्हणून मी तयार होतो. तू फक्त म्हणालास, "जमाल, हे त्याचं हरिण नाही."

मग हुसेन न्यायला आला. भला मुलगा, भल्या घरचा. त्याने हात फिरवला, शुक्रान म्हणून आभार मानले, दोनशे साठ दिनार मोजले. दारात थांबून एवढंच विचारलं, की ते मागे बघणार होतं ना? मी म्हणालो, कातडं आखडलं होतं, वळवता आलं नाही. तू माझ्या शेजारी होतास. कातडं लोण्यासारखं झालेलं तुला माहीत होतं, तूच केलं होतंस. तू काही बोलला नाहीस, कारण बोलला असतास तर मी खोटा पडलो असतो. त्या दिवसानंतर तू माझ्याशी कामापुरतंच बोलू लागलास, आणि मी तुझ्या डोळ्यांसमोर यायचं टाळू लागलो. दोस्त गमावणं काय असतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल.

मार्चमध्ये तुझा व्हिसा रिन्यू झाला नाही आणि तू गेलास.

आता यंदाचं. रमजान ईदनंतरच्या आठवड्यात दुपारी एक म्हातारा वर्कशॉपमध्ये आला. ड्रायव्हरने चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आत आणून ठेवलं. मी ओळखलं नाही. त्याने चादर काढली तेव्हा शिंगांवरून ओळखलं. मानेमागची शिवण दोन बोटं उघडली होती, मेण सुकून डोळ्यांच्या कडा मागे ओढल्या होत्या, काचेचे डोळे नुसते बटाट्यासारखे बाहेर आलेले. ओठ फाटून आतला पिवळा फोम दिसत होता. म्हातारा खुर्चीवर बसला, हिंदीत बोलू लागला. इथल्या जुन्या व्यापाऱ्यांना मुंबईची हिंदी चांगली येते. तो हुसेनचा बाप, इथे त्याला अबू हुसेन म्हणतात. हुसेन डिसेंबरमध्ये गाडीच्या अपघातात गेला. मागे बायको आहे, दोन वर्षांची मुलगी आहे.

मी म्हणालो की दुरुस्त करून देतो, एक फिल्स घेणार नाही. त्याने मान हलवली. तो म्हणाला, "माझा मुलगा मला सांगायचा, ते मागे वळून बघत होतं. मीही तिथे होतो, मीही पाहिलं. घरी आणलं तेव्हा तो म्हणाला, बाबा, इथे एक माणूस होता, त्याला सगळं समजलं होतं, मग काय झालं कोण जाणे. तो माणूस कुठे आहे?"

मी सांगितलं की तो भारतात आहे.

दुसऱ्या दिवशी मी ते मुंडकं उघडलं. माझं काम सगळं गेलं होतं. मेण, गोंद, शिवण, काहीच धड नव्हतं. पण कातडं शाबूत आहे, शब्बीर. पाच वर्षं एसीच्या कोरड्या हवेत राहूनही पाण्यात घातल्यावर मऊ झालं, एक केस सुटला नाही. ते तू कमावलेलं. ते भिजवून, जपून, मीठ लावून ठेवलंय. मग मी स्वतः मान घडवायला बसलो. दोन महिने, काम सुटल्यावर रोज तास-दीड तास. वळलेली मान मला येत नाही. माती हातात घेतली की माझ्या बोटांखाली सरळ बघणारंच काहीतरी तयार होतं. चार साचे केले, चारही मोडले. इतकी वर्षं खोके फोडून माझ्या हातात दुसरं काही उरलंच नाही, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजलं. रुकय्याने विचारलं की रोज एवढा उशीर का, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की मला नाही, हे शब्बीरभाईंना सांगायला हवं होतं.

म्हणून हे पत्र. अरबाब तुझ्यासाठी सहा महिन्यांचा व्हिसा काढायला तयार आहे, तिकीट आणि पगार अबू हुसेन देणार आहे, खोली आमच्याजवळच बघितली आहे. व्हिसाचा कागद आधी धाडून मी बाकीचं गिळून टाकलं असतं, तर तू हसत आला असतास, विमानतळावर मला मिठी मारली असतीस. तसं करायचं माझ्या मनात आलंही होतं. पण तू येण्याआधी तुला हे माहीत असायला हवं. ९३ च्या मार्चात अरबाबने मला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, की दोघांतला एकच ठेवणार, कोण संथ आहे ते लिहून दे. तुझ्याविरुद्ध लिहून देणारा स्टोअरवाला लतीफ नव्हता. मी होतो. शब्बीर सावकाश काम करतो, गिऱ्हाइकांशी वेळ घालवतो, माल वाया घालवतो, असं मी माझ्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. माल तू कधीच वाया घालवला नव्हतास. दीड महिन्याने रुकय्याच्या व्हिसावर सही झाली. विमानतळावर तू मला म्हणाला होतास की लतीफला मी माफ करणार नाही, आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता. सदफच्या लग्नाला तू चिपळूणहून लतीफला बोलावलं नाहीस आणि मला बोलावलंस. म्हणून मी येऊ शकलो नाही. लतीफला मी आजच वेगळं पत्र टाकलंय. या पाकिटात व्हिसा नाही. तुझं हो आलं तर पुढच्याच टपालाने पाठवीन, आणि तू आलास तर माझ्याशी एक शब्द बोलायची तुझ्यावर सक्ती नाही, टेबल मी रिकामं करून ठेवलंय. तुझं उत्तर आलं नाही तर अबू हुसेनकडे जाऊन मी त्याला सांगेन, की ते काम करू शकणारा एकच माणूस होता आणि त्याला मीच इथून घालवलं.

'तुझाच' लिहायचा हक्क राहिला नाही, पण दुसरं काही लिहायला जमत नाही,

जमाल