वहिनीची गिरकी

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय वहिनी,

तुला नमस्कार आणि धाकट्याला त्याच्या आत्याचा एक धपाटा. आम्ही इकडे ठणठणीत. कारखाना बंद पडल्यापासून रंगाची पिंपं अंगणात उपडीच आहेत, त्यांच्यावर आता मांजर झोपतं. नवा गुडघा काय म्हणतो? जिने धडाधड चढतेस म्हणे. ऐकून इतकं बरं वाटलं!

इकडची बातमी तुला ठाऊकच असेल. पर्यटनवाले साहेब आले आणि म्हणाले, "प्रत्येक वस्तीचं पारंपरिक नृत्य असतं. तुमच्या रंगारी गल्लीचं कुठलं?" आमची तोंडं बघण्यासारखी झाली. आपण कधी नाचलो होतो गं? हात कोपरापर्यंत निळे, कंबरेचा काटा ढिला, नाचायला वेळ कुणाला! पण चार पाहुणे यावेत, बंद दुकानं उघडावीत म्हणून मी बोलून बसले, "आहे की आमचं एक." घरी येऊन डोक्याला हात लावला.

मग रंगवून झाल्यावर आपण दोघी झटकायचो ते ओलं कापड आठवलं. दोन टोकांना दोघी, झटका, ताण, पुढे येऊन घडी, परत मागे. मुलींना तेच शिकवलं. झटक्याचा आवाज हाच ताल. काय सुंदर दिसतं, तुला सांगते! शिंपीणबाईंचं दुकान पुन्हा उघडलं, चहावाल्याला बसायला फुरसत नाही.

सगळ्यात जास्त टाळ्या कशाला पडतात माहीत आहे? घडीसाठी पुढे येताना एक पाय किंचित ओढून, गुडघ्यात झुकून जी गिरकी घेतात, तिला. साहेबांचा गाइड सांगतो, हे जमिनीला वंदन आहे.

वहिनी, मी उगाच फिरवून फिरवून लिहितेय. ती गिरकी तुझी आहे. दुखरा गुडघा वाचवायला तू तशी वळायचीस. याच गल्लीतल्या बाया तुझ्यामागे तशाच चालून दात काढायच्या, आणि तू घरात येऊन मुकाट्याने चूल पेटवायचीस. धाकट्याने व्हिडिओ दाखवला तेव्हा तू अर्ध्यातच फोन परत दिलास म्हणे. त्यानंतर माझा एकही फोन उचलला नाहीस. तुला वाटलं असेल, आता हीसुद्धा माझी नक्कल करायला लागली, तीही तिकीट लावून.

तसं नाही गं. मुलींना पाऊल दाखवायला उभी राहिले तर माझं अंग आपोआप तुझ्यासारखं वळलं. मला दुसरं येतच नाही. आईविना पोर होते मी. कापड कसं धरायचं, कुणी टोचून बोललं तर ताठ कसं राहायचं, सगळं तुझ्याकडून आलं. तुझे उपकार कधी तोंडाने बोलले नव्हते. आज लिहितेय.

काल कार्यक्रम संपल्यावर गाइडच्या हातातला माइक घेतला आणि सांगून टाकलं, "वंदनबिंदन काही नाही. ही माझ्या वहिनीची चाल आहे." साहेबांचं तोंड एवढंसं झालं. आणि मागून कोण उठावं? तुला सगळ्यात जास्त चिडवणारी कोपऱ्यावरची काकू! म्हणाली, "चाल तिचीच, पण पाय चुकलाय. तिचा उजवा दुखायचा, तुम्ही डावा ओढताय." बघ आता! मी कायम तुझ्या समोरच्या टोकाला उभी, म्हणून आरशात बघावं तसं उलटं शिकले, आणि अख्ख्या गल्लीला उलटंच शिकवलं. आम्ही हसलो, पण काकू रडायला लागली. "तिला सांग, मी..." एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात मुलींना मोठ्या शहरात नाचायला बोलावलंय. तू नको म्हणालीस तर गिरकी काढून टाकीन. टाळ्या नाही पडल्या तरी चालेल, तू अबोला धरलास तर नाही चालणार. ठेव म्हणालीस, तर उजव्या पायावर बसवून द्यायला तुलाच यावं लागेल. तुझा नवा गुडघा काही तसा वळायचा नाही, तेव्हा तुझीच चाल तुला मुली शिकवतील. खूप हसू आपण. नाही म्हणायला का होईना, पण फोन कर.

तुझ्यासमोर उभी राहून वाढलेली,
तुझी नणंद