माझ्यापुढची कपबशी

मंगळवार, संध्याकाळ

वर्षभर माझा थोरला भाऊ अण्णा फोनवर एकच सांगत होता, "बेंगळूरची नोकरी पुरे की रे आता. अप्पा गेल्यापासून त्यांची गादी रिकामी आहे. ये, तू बस." म्हणून आज दाजीबानपेठेत आमच्या साड्यांच्या दुकानात गेलो, तर अप्पांच्या गादीवर वहिनीचा भाऊ गिऱ्हाइकाला साड्या दाखवत बसलेला. अण्णा म्हणाला, "चार महिने झाले, बसतोय तो. तुला सांगायचं राहिलं बघ." राहिलं? दर दोन दिवसांनी फोन करत होतास की!

मग चहा आला. आमच्या दुकानात घरचे लोक स्टीलच्या पेल्यात पितात, कपबशी फक्त पावण्यांना. त्या दोघांपुढे पेले आणि माझ्यापुढे कपबशी. अण्णानंच सरकवली, माझ्याकडे न बघता. गादीचं एक वेळ गिळलं असतं मी. पण कपबशी?

राजीनामा लिहून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही. पाठवू? कुणाच्या भरवशावर?

उठताना कप मुद्दाम नळाखाली धरला. आपला पेला आपण विसळायचा, हा अप्पांचा नियम. अण्णा लगबगीनं आला आणि कप हातातून काढून घेतला.

"असू दे रे," म्हणाला, "तू कशाला धुतोस?"