दुसऱ्याचा विषय

प्रिय चिंगे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मी बोलायला लागले की तू हं-हं करत विषय बदलतेस, माझा आवाज चढतो आणि शेजारचे दारं लावून घेतात. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून लिहितेय. गुडघा बरा आहे. निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला कुंड्यांचं वेड लागलंय. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि झाड म्हणशील तर एकही धड नाही. लेक नव्या नोकरीत रुळली. मी मात्र एकाच गोष्टीमागे हात धुऊन लागलेय. आपला उपक्रम विद्यापीठ बंद करायला निघालंय, आणि मी तो बंद होऊ देणार नाही.

आपल्याला सुरुवातीला ग्रंथालयाच्या तळघरातली खोली दिली होती, आठवतंय? डोक्यावर पाण्याचे पाइप, आणि खुर्च्या प्रत्येक विभागानं टाकून दिलेल्या. पदवीला शिकणाऱ्या कुठल्याही पोरानं, मग तो यंत्रं शिकत असो की हिशोब, माणसांबद्दलचा स्वतःचा एक प्रश्न घेऊन यावं, सोबतीला इतिहासाचा, भाषेचा नाहीतर तत्त्वज्ञानाचा एक शिक्षक घ्यावा आणि वर्षभर त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवावा, एवढीच आपली कल्पना. कोण येणार तुमच्याकडे, असं सगळे म्हणाले. तरी पोरं आली. पण आपापल्या विषयाच्या इतकी प्रेमात, की दुसरा बोलायला लागला की ही छताकडे बघत बसायची. तेव्हा तू चिडलीस आणि नियम केलास, की वर्षाच्या शेवटी कुणीही स्वतःचं काम मांडायचं नाही. जोडीदाराचं मांडायचं, आणि ज्याचं काम आहे त्यानं तोंड बंद ठेवून ऐकायचं. मी किती हसले होते! लग्न एकाचं आणि मिरवतोय भलताच, म्हणाले होते. तू हसलीही नाहीस आणि हललीही नाहीस. तुझ्या त्या हट्टानंच आपला उपक्रम उभा राहिला, हे मी दहा जणांना सांगितलं असेल, तुला सोडून.

यंदा एक उंच पोरगा होता, बांधकामाच्या शाखेचा. सगळे त्याला लंबू म्हणतात. पत्ता सांगताना लोक आता नसलेल्या जागांच्या खुणा का देतात, हा त्याचा प्रश्न. शहरभर फिरून लोकांना रस्ते विचारत होता. त्याची जोडीदार हिशोबशास्त्राची, बोलायला इतकी काटकसरी की तिचं नाव हिशोबीच पडलं. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर माणसं काय बोलतात आणि काय टाळतात, हा तिचा विषय. तिनं लंबूच्या सगळ्या ध्वनिफिती ऐकल्या. त्यात एक न्हावी होता, जो प्रत्येक पत्ता एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानापासून सांगायचा. लंबूनं ते म्हाताऱ्याचा घोटाळा म्हणून बाजूला टाकलं होतं. हिशोबी त्या न्हाव्याकडे स्वतः जाऊन आली. ते शिंप्याचं दुकान त्या न्हाव्याच्याच वडिलांचं होतं. आमच्या सरावाच्या दिवशी तिनं हे तीन वाक्यांत सांगितलं, आणि लंबू ओठ घट्ट मिटून बसला होता, पण डोळे काही त्याचं ऐकेनात. मी तर सरळ रडले. हे सगळं तुझ्या नियमामुळे घडलं, चिंगे.

पुढचं तुला ठाऊक आहेच, पण माझ्या बाजूनं ऐक. पाहणी समिती आली. पोरांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून मला बाहेर बसवलं. आतला प्रकार मला हिशोबीकडून कळला. तिनं लंबूचं काम मांडलं. अध्यक्षांनी, त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी, विचारलं की हा विषय तुला का सुचला. ती म्हणाली, मला नाही सुचला. खोलीत हशा पिकला. मग लंबूला त्याच्या विषयाबद्दल छेडलं, तर तो नियमाला जागून म्हणाला की माझ्या कामावर आज मी बोलू शकत नाही. ही येडी पोरं! नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडलेला, की तो बाहेरच्यांना सांगावा लागतो हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. अहवालात एकच वाक्य ठळक आहे: विद्यार्थ्यांना स्वतःच्या विषयाची जुजबी माहितीही नाही, सबब उपक्रम चालू ठेवण्यात अर्थ दिसत नाही. खाली समितीच्या सह्या, आणि त्यात तुझी.

हिशोबी म्हणाली, त्या मॅडमनीच हे सुरू केलंय हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघत होतो, वाटलं आता बोलतील. तू खाली मान घालून चष्मा पुसत होतीस म्हणे. मिठाची गुळणी धरून बसलीस. मैत्रिणीची बाजू घेते असं कुणी म्हणेल, याची भीती वाटली असेल. अधिष्ठातापदासाठी तुझं नाव पुढे आहे, तेही मला कळलंय, आणि खरं सांगते, तू त्या खुर्चीला शोभशील. मला तुझा राग आला. इतका, की नवऱ्याच्या दोन कुंड्या गेल्या. पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पोरं खरं बोलली आणि खोटी ठरली. लंबू आता म्हणतो, आपण नियम मोडायला हवा होता. हे मला सहन होत नाही.

सोमवारी विद्वत्सभेत अहवाल येतोय. मी बोलायची परवानगी मिळवली आहे. नियम काय आहे ते सांगेन, दोन्ही पोरांना सभागृहात उभं करेन आणि हवे ते प्रश्न विचारा म्हणेन. मग कुणीतरी विचारणारच, की समितीत हे कुणालाच माहीत नव्हतं का. तेव्हा मी गोलमाल उत्तर देणार नाही. एकीला माहीत होतं असं सांगेन, आणि तुझं नाव घेईन. त्यानंतर आपलं काय उरेल, मला माहीत नाही. तुझ्याशिवाय म्हातारपण काढायची मला हौस नाही, चिंगे, पण या पोरांना खोटं पाडून मी आपली मैत्री राखणार नाही. माझ्या आधी तू उठून सांगितलंस, तर मी जागेवरून हलणारसुद्धा नाही. नाही उठलीस, तर मी उठेन. सगळ्यांसमोर माझ्या तोंडून तुझं नाव निघेल तेव्हा ते तुला पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र.

सोमवारनंतरही, तू म्हणशील तोवर,
तुझीच,
भोंगा