जाळी न पडल्याचं कौतुक

मंगळवार, जानेवारी १९८८, अंबरनाथ

सुनंदाचा राग गेलाय की नाही, अजून कळत नाही. बायकोचं कौतुक करायलाही नशीब लागतं.

आमच्या फाउंड्रीतले स्कूटरचे ब्रॅकेट धक्के खाऊन खाऊन तडकत होते. ॲल्युमिनियमच्या पोटात बारीक भोकं, तिथूनच तडा. गिऱ्हाईक तुटायची वेळ आली होती. आज रसातला गॅस नीट काढला आणि मगच साच्यात ओतला. गार झाल्यावर कापून पाहिलं तर एकही भोक नाही! तो तुकडा खिशात घालूनच घरी आलो.

ताटात आंबोळी आली. सपाट, गुळगुळीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! एकही भोक नाही!"

थंडीने पीठ आंबलं नाही, जाळी पडली नाही, म्हणून ती आधीच वैतागलेली. "टोमणे कशाला मारताय?" म्हणाली.

आता हिला कसं सांगू? शेवटी खिशातला तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने उजेडात धरला, त्यावरून बोट फिरवलं.

"ह्या मेल्याला जाळीच नाही, आणि तुम्ही नाचताय!"

मग दुसरी आंबोळी वाढली. "घ्या, तुमचा पास झालेला माल."

चामड्यासारखी चिवट होती. तिसरी मागून घेतली.