गुंता आणि जट

तीर्थरूप आईस पुण्याहून गोरोबाचा दंडवत.

सलून बरं चाललंय. इथली पोरं हौसेनं जटा करून घेतात, म्या त्या पिळून डोक्यावर बांधतो. तूही दोन्ही जटा एकमेकींत पीळ आणि टाळूवर गुंडाळ; मानेला आराम पडंल. मान बरी हाय म्हणालीस, पण अंबाडा बांधताना कण्हलेली फोनवर ऐकू आलीस.

मागून सृष्टीही ऐकू आली, "आजी, गुंता काढ की!" तू म्हणालीस, "गुंता न्हाय बाई, देवी आलीय."

आई, तुझ्या जटांना म्या कधी बोललो न्हाय. पण माझ्या लेकीच्या गुंत्याला हळद-कुंकू लावू नको. रविवारी फणी घेऊन येतोय. तोवर तिच्या केसांत खोबरेल मुरू दे.

तुझाच,
गोरोबा