व्हय म्हण

१२ डिसेंबर

निपाणीतला माझा पहिला दिवस. माहेराहून, सांबऱ्याहून, निघताना आप्पा रडले. मला मात्र हसू येत होतं, कारण गाडीला बांधलेल्या झेंडूच्या माळा वाऱ्याने सारख्या तोंडावर येत होत्या. घर हायवेपासून थोडं आत, दुमजली, मागे तंबाखूची वखार. घरभर गोडसर, जड वास. आदर्श म्हणाले, आठवड्यात सवय होईल. कमी बोलतात, पण समजून बोलतात. सासूबाईंना सगळे आत्ती म्हणतात, मीही तेच म्हणायचं. स्वयंपाकघर नीलमआक्का सांभाळते. ती आदर्शांची लांबची बहीण, नवऱ्याने टाकलेली. माझ्या भातावर तिने तूप ओतलं आणि वर पाहिलंसुद्धा नाही. बेळगावची बँकेतली नोकरी सोडल्याची थोडी हुरहूर आहे. आत्ती म्हणाल्या, इथंबी बँका हायत की.

२० डिसेंबर

माझे इतके लाड माहेरीही झाले नव्हते. सकाळी दूध, दुपारी फळं, आणि दिवसभर कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन मागे. आज डोकं दुखत होतं म्हणून पर्समधली गोळी काढली, तर आत्तींनी ती हातातून काढून घेतली आणि गटारीत टाकली. असल्या गोळ्या आतडी-बितडी खराब करतात म्हणे.

आदर्श दिवसाआड कोल्हापूरला जातात, तंबाखूच्या कामाला. परततात तेव्हा चेहरा राखेसारखा असतो. वेलदोडा चघळत असतात, तरी जवळ आले की तोंडाला वास येतो. कसला ते आज कळलं. स्टँडवरच्या मुतारीचा. लिहितानाही लाज वाटते. ते माझे पती आहेत.

२८ डिसेंबर

ते कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. लहानपणी डावा हात मोडला होता, ऑपरेशनचे व्रण आहेत, असं सांगितलेलं. आज गाडीवर बसताना मी तोच हात धरला. कापडाखाली दोरखंडासारखी जाड, वेडीवाकडी शीर. आणि ती थरथरत होती. आत भुंगा कोंडल्यासारखी. मी हात झटकला. ते काही बोलले नाहीत, बाही नीट केली.

हात तीनदा साबणाने धुतला. थरथर बोटांतून जात नाही.

६ जानेवारी

आत्तींनी डबा दिला. दिवसभराची लघवी त्यात साठवायची. पोटात काही आहे का ते बघायचंय, म्हणाल्या. असली तपासणी मी कधी ऐकली नव्हती, पण केलं. संध्याकाळी त्यांनी डबा उन्हाकडे धरला, हलवून पाहिला. चेहरा खुलला. म्हणाल्या, "बघ रं आदर्श, किती नितळ हाय."

तो दारात उभा होता. पंगतीबाहेर बसवलेला उपाशी माणूस पानाकडे बघतो तसा त्या डब्याकडे बघत होता.

मला उलटी झाली. आक्काने पाठ चोळली. ती रडत होती.

९ जानेवारी

आज आक्काच्या पाठीला तेल लावून दिलं. पदर सरकला तेव्हा दिसलं. बरगडीखालून पोटापर्यंत, वीतभर लांब, चकचकीत व्रण.

मी विचारलं. तिने पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "बहीण न्हाय गं मी. पहिली बायको हाय. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तवा माझी एक दिली. त्यानं गोळ्या चुकवल्या, तीबी गेली. मग कागदावर सोडचिठ्ठी घेतली माझी. बायको असली की कायद्यानं किडनी देता येती, म्हणून तुला आणली."

इथे का राहतेस, विचारलं. म्हणाली, "माझं पोट फाडून तिथंच ठेवलंय की त्याच्यात. ते सोडून कुठं जाऊ?"

कोल्हापूरला तो तंबाखूसाठी जात नाही. हातातल्या त्या शिरेतून रक्त धुऊन घ्यायला जातो.

तिच्याच हातचं तूप मी महिनाभर खातेय.

१० जानेवारी

आप्पांना फोन केला. वाटलं, लगेच गाडी घेऊन येतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोन असत्यात की गं. एक दिली तर काय हुतंय?"

त्यांना माहीत होतं. माझा रक्तगट या लोकांनी पत्रिकेच्या आधी विचारला होता, हेही.

बापाचा आवाज कानातून धुऊन काढता आला असता तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

बेळगावचा दवाखाना. किडनी जुळते का बघायला आत्तींनी आणलं, आता लपवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावून विचारलं, स्वखुशीने देताय का? मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, हवं तर घरच्यांना आम्ही सांगतो की जुळत नाही. मी म्हटलं, नको, मीच सांगेन. खोट्याचीच किळस आलेली. आजाराची नाही. पहिल्या दिवशी खरं सांगून मागितली असती, तर कदाचित—

परतताना गाडीत सांगितलं, देणार नाही. कुणी चिडलं नाही. आत्तींनी शेंगा सोलून माझ्या हातात ठेवल्या.

२२ जानेवारी

तो कोल्हापूरला जात नाही. म्हणतो, तू व्हय म्हणेपर्यंत जाणार न्हाय.

बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलाय, बरोबर माझ्या वाटेवर. आत्तींनी त्याच्यापुढे पाण्याची कळशी ठेवली. तो पितो. माझ्याकडे बघत पितो. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही.

२५ जानेवारी

त्याचे पाय फुगलेत. बोट दाबलं की खड्डा राहतो. आत्ती मला हाताला धरून नेतात आणि दाबून दाखवतात. कातडी खाजवून खाजवून पांढरा कोंडा, चादरीवर, जमिनीवर. माझ्या तळव्यांना चिकटतो. त्याने केळी मागितली. आक्का म्हणते, किडनी गेलेल्याला ती विष. आत्तींनी दिली.

मी स्टँडवर निघाले होते. फाटकाला कुलूप. माझा फोन आक्काने तांदळाच्या डब्यात लपवलाय, माझ्यासाठी.

२७ जानेवारी

त्याचे डोळे मिटले जातात सुजेने. तरी बघतो. वास जिन्यापर्यंत.

मला दया येते. याचीच जास्त किळस—

२८ जानेवारी

त्याला आडवं होता येत नाही. छातीत घरघर. ओठांवर गुलाबी फेस. गाडी दारात उभी आहे. ड्रायव्हर आत बसलेला. आत्ती म्हणतात, "व्हय म्हण, लगेच काढतो."

आई आहे ही त्याची.

मी मोरीत आहे, तांदळातला फोन घेऊन. कडी घातलीय. १०८ लावला, पत्ता दिला, येतो म्हणाले. वही हातातच राहिली. आत्ती दार वाजवतायत. आवाज चढवत नाहीत. मेला तर तू मारलास, एवढंच, पुन्हा पुन्हा—

आक्का ओरडली, उघडू नको—

मग धडपड. आता आक्काचा आवाज नाही.

घरघर जवळ येतेय. उठून कसा— दाराच्या फटीतून तो वास. दाराला टेकलाय. फळी थरथरते. म्हणतो, रूपाली, एकदा— एकदाच म्हण— श्वास न्हाय—

लांब सायरन. की हायवेवरचं दुसरं काही.

नाही म्हणायचंय. नाही. पण तोंड उघडतंय माझं आणि