आधी पाणी, मग नाव

अहेरी, मार्च १९८६

बाबा आणि माय, दोघांयलेही श्रावणचा जयभीम.

मी मजेत आहो. शाळेच्या विहिरीचं पाणी गोड आहे. मायचा गुडघा आता कसा आहे?

बाबा, मी वर्गात इंग्रजी शब्दायची नाती शिकवून राह्यलो. हॉस्टेल, हॉटेल, हॉस्पिटल हे सारे पाहुण्याच्या एकाच जुन्या शब्दातून निघाले. दुश्मनीवाला 'होस्टाइल'ही त्यायचाच भाऊबंद निघाला. मुळात अर्थ एकच होता, दारात आलेला अनोळखी माणूस.

सोमवारी दुपारी माह्या दारात असे चौघं आले. पाणी मागितलं, मी दिलं. पाण्याचा गडवा परत घेताना त्यायच्या चादरीखालच्या बंदुका दिसल्या.

दुसऱ्या दिवशी फौजदारानं बलावलं.

"नावं सांगा, मास्तर."

"विचारली नाई, साहेब."

"घरी आलेल्याले नाव नाई विचारत?"

त्याले ते खरं वाटलं नाई. आता त्याले कसं सांगू, बाबा, की तुम्ही लहान असताना लोक आधी जात विचारत आन् मग ओंजळीत वरून पाणी टाकत? म्हणून तर आपल्या घरी तुम्ही नियम केला, आधी पाणी द्याचं, नाव त्यानं सांगितलं तरच ऐकाचं.

उद्या परत बलावलं आहे. मायले हे वाचून दाखवू नका. मले फक्त एवढं कळवा, यापुढं मी नाव विचारू काय?

तुमचं उत्तर येतवर गडवा भरूनच ठेवतो.

तुमचा,
श्रावण